रंगूनवाली मावशीविरुद्धचा अर्ज

आताच्या चाकूर तालुक्यातल्या एका म्हातारीविरुद्ध आलेला चार ओळींचा निनावी अर्ज मला आजही शब्दन्‌शब्द पाठ आहे. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांचे तपशील आता पुसट झाले. हा अर्ज मात्र विसरता आलेला नाही.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. उस्मानाबादहून आलेली दप्तरे गोणपाटात बांधून व्हरांड्यात पडलेली होती. मी जिल्हा विशेष शाखेत फौजदार होतो आणि परकीय नागरिकांची चौकशी माझ्याकडे असे. पाऊस सलग दगा देत होता. आमची निम्मी माणसे टँकरच्या बंदोबस्ताला जात.

पोस्टकार्डावर वळणदार अक्षरात लिहिले होते : 'या गावी राहणारी विधवा मलाया देशात पेराक इथे जन्मलेली परदेशी बाई आहे. तिच्याकडे पासपोर्ट नाही. पोलिसांनी चौकशी करून तिला तिच्या देशी रवाना करावे.' खाली सही नव्हती. साहेबांनी शेरा मारला, 'समक्ष चौकशी करून अहवाल द्यावा.'

निनावी अर्जामागे बहुधा बांध, विहीर नाहीतर भाऊबंदकी असते, असा माझा अनुभव. गावात जीप थांबली तेव्हा समोरच एका विहिरीवर बायकांची रांग होती. पाणी असलेली तेवढी एकच विहीर गावात उरली होती आणि ती त्याच म्हातारीची निघाली. मला वाटले, धागा सापडला.

पण जबाब घेत गेलो तसा धागा तुटत गेला. म्हातारी कुणालाच अडवत नव्हती. दीर-पुतणे असे कोणी नव्हते, मूलबाळ नव्हते. पोलीस पाटील तर तापलेच.

"रंगूनवाली मावशीवर अर्ज? साहेब, नाव तेवढं सांगा त्याचं. आमी बघून घेतो."

"रंगूनवाली का म्हणता?"

"मावशीचा मालक जवानीत पोट भरायला रंगूनला गेलता. तिकडूनच हिला करून आणलं. लई जुनी गोष्ट हाय."

ज्याला ज्याला विचारले तो रंगूनच सांगत होता.

म्हातारी सत्तरीची, किडकिडीत, ताठ बसणारी. बोलणे आपल्याकडचेच, मधूनच एखादा तेलुगू शब्द यायचा. मी वर्दीत होतो, पण ती घाबरली नाही. उलट मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "हाव साहेब, मी परदेशीच हाय. कवा नेता?"

दाराजवळ लुगड्यांचे गाठोडे बांधून तयार होते. तीस वर्षांत मी असा आरोपी पाहिला नाही.

"आजी, गाव म्हणतंय तुम्ही रंगूनच्या."

"पेराक म्हनलं तर इथं कुणाला कळावं? मालक म्हनले, रंगून सांग. लोकायला ठावं हाय."

तिथेच माझी पेन्सिल थांबली. साऱ्या गावाला रंगून माहीत, मग पोस्टकार्डावर पेराक कुणी लिहिले? मी कार्ड तिच्यापुढे ठेवले. तिला वाचता येत नव्हते, तरी तिने मान खाली घातली.

"साळंच्या गुरुजीला काई करू नका. त्यायनं माझ्या सांगन्यावरून लिव्हलं."

"स्वतःवरच अर्ज?"

मग ती दोन तास बोलली. तिचे आईबाप मद्रास इलाख्यातले. मुकादमाने भरती करून त्यांना पेराकच्या रबराच्या मळ्यात नेले, तिथेच ती जन्मली. पहाटे ढोल वाजला की हजेरी व्हायची. गोरा साहेब घोड्यावरून यायचा. मजुरांच्या चाळीला ओळीने खोल्या होत्या आणि काम असेल तोवरच खोली मिळे. मळ्याबाहेर मलायी लोकांची गावे होती, पण जाणे-येणे नव्हते. पुढे हा लातूरकडचा माणूस तिथे मजूर म्हणून आला आणि त्यांचे लग्न झाले.

नवऱ्याला छातीचा आजार जडला. मळ्याच्या डॉक्टराने 'कामास निकामी' असा कागद दिला. निकामी मजुराला सरकारी खर्चाने परत धाडायचा तिथे कायदा होता. बोटीचा दिवस ठरला. त्याच आठवड्यात त्यांची सात वर्षांची पोर तापाने मळ्याच्या दवाखान्यात पडली. तापात तिला बोटीवर घेता येणार नाही, दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर पुढच्या बोटीने पाठवू, असे साहेबाने सांगितले. हे दोघे इकडे पोचले, आणि दोन महिन्यांत जपानी तिकडे आले. बोटी बंद झाल्या.

"मालक व्हते तवर कुडं कुडं अर्ज केले. मागं मी पासपोटासाठी कचेरीत गेले, तर जन्माचा दाखला आन म्हनले. मंग रेडूवर ऐकलं, परदेशी मानूस घावला की पोलीस त्याला त्याच्या देशात सोडून येतेत. म्हनलं, मला बी सोडतील."

माझ्याबरोबरचा हवालदार उठून बाहेर गेला.

कागदपत्र पाहणे भागच होते. जुन्या दप्तरातली गावची उर्दू नोंदवही एका निवृत्त जमादाराकडून वाचून घेतली. निजामाच्या राज्यात बाहेरून आलेल्या माणसांची नोंद पाटलाने त्यात ठेवली होती आणि नवरा-बायको दोघे तिच्यात होते. आईबाप हिंदुस्थानात जन्मलेले आणि घटना लागू होण्याआधीपासून इथेच वास्तव्य. कायद्याने बाई पक्की भारतीय होती. तिला कुठेही पाठवता येणार नव्हते. दुसऱ्या कुणाला ही बातमी सांगताना मला आनंद झाला असता. तिला सांगितली तेव्हा ती गाठोडे सोडून एकेक लुगडे परत पेटीत ठेवू लागली.

सरकारी मार्गाने पत्र पाठवले, उत्तर आले नाही. मग नांदेडला गुरुद्वाऱ्याजवळ राहणारे एक वृद्ध सरदारजी आठवले. पेराकच्या पोलिसात हवालदार म्हणून त्यांची नोकरी झाली होती. सगळे ऐकून ते म्हणाले, "अंग्रेजांनी तिथं प्रत्येकाला वेगळं ठेवलं, साहेब. मलायी शेतात, चिनी खाणीत, मद्रासी रबरात आणि पहाऱ्याला आम्ही. एकाचं दुःख दुसऱ्याला कळायचंच नाही." त्यांचा पुतण्या अजून तिकडेच होता. सरदारजींनी मळ्याचे नाव त्याला कळवले.

पाच महिन्यांनी उत्तर आले. मुलगी जिवंत होती! शेजारच्या खोलीतल्या बाईने तिला वाढवले होते. तीही जन्मभर रबराच्या झाडांचा चीक काढत राहिली, आता नातवंडे होती. आईला तिने एकच प्रश्न विचारला होता : जाताना दवाखान्यात मला भेटायला का आली नाहीस?

म्हातारीने मला निरोप धाडला, "जबाब लिव्हायचा हाय, साहेबालाच बोलवा." मी गेलो आणि ती सांगेल तसे लिहिले.

"लिव्हा. मी आलते. शुक्रवारी बोट व्हती आन भेटायचा वार आयतवार. दाराशी पगडीवाला शिपाई व्हता. मी लई इनवन्या केल्या. त्यानं आत सोडलं न्हाई. खिडकीखाली जाऊन तुला हाका मारल्या. तू झोपेत व्हतीस."

लिहून झाल्यावर मी विचारले, "आजी, त्या शिपायाचा राग येत नाही?"

"न्हाई. चांगला मानूस व्हता. मला हात जोडले त्यानं. डोळ्यात पानी व्हतं त्याच्या. पर नेमाला काय करनार?"

पुढच्या वर्षी लेक आली, तीन आठवडे राहिली. माझी तोवर हिमायतनगरला बदली झाली होती, भेट मी पाहिली नाही. गुरुजींनी कळवले की दोघींना एकमेकींचे निम्मेच बोलणे कळे, तरी दिवसभर बोलत असत.

या प्रकरणाने काय शिकवले, असे कुणी विचारले की मला ते दार आठवते. वेळ संपली, उद्या या, असे मीही हात जोडून कितीतरी लोकांना सांगितले आहे. आत डांबलेल्या मुलाला डबा द्यायला आलेली आई, सही करून घ्यायला लांबून आलेला म्हातारा. नियम खोटा नव्हता आणि मी वाईट वागलो असेही नाही. नंतर मी दार थोडे सैल ठेवायला लागलो, नेहमी जमले असे म्हणणार नाही.

म्हातारीने त्या शिपायाला शिवी दिली असती तर बरे झाले असते. ती त्याला चांगला म्हणाली, तेच मला जास्त लागले.