कडी निघेपर्यंत
इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्री करणाऱ्या बाईची धाकटी जाऊ तिथेच गुदमरून गेली. चादरी वाळवायच्या खोलीत वाफ कोंडली आणि दाराला बाहेरून कडी होती. कामगारांनी मध्येच उठून जाऊ नये म्हणून साहेबांनीच ती लावायला सांगितली होती.

कडी निघेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं आणि फाटकापाशी सतरंज्या अंथरल्या. ज्याने त्याने आपापल्या देवाला हाक मारली. तीही इस्त्री बंद करून त्यांच्यात जाऊन बसली. इतरांच्या पोटात कावळे ओरडत होते. समोरच्या खानावळीतून फोडणीचा वास आला की कुणीतरी हमखास शिव्या घालायचं आणि सगळे हसायचे. तिला मात्र काहीच होत नव्हतं. येणारेजाणारे म्हणायचे, "केवढी निष्ठा या बाईची!" ते ऐकून ती अवघडायची.

शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या धोब्याला ती म्हणाली, "काका, ती गेल्यापासून मला भूकच लागत नाही. रडूही येत नाही. मग माझा कसला आलाय उपास? उगाच बसलेय तुमच्यात."

पाण्याने ओठ ओले करत काका म्हणाले, "आम्हाला लागलीय ना पोरी, तुझ्या वाटचीही. तू नुसती बस."

ती बसून राहिली. अखेर साहेब नमले. सुताराने कडीच काय, अख्खं दार उतरवलं. लोक एकमेकांना घास भरवू लागले, काहीजण रडले. काकांनी तिच्याही तोंडाशी घास धरला. चव काही लागली नाही. तिने तो नीट चावून गिळला आणि ती सतरंज्यांच्या घड्या घालायला उठली.