नागोजी घाडींचा समुद्रातला दिवस

माझे सासरे नागोजी घाडी धारवाडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं अटेंडर होते. बेडूक पकडून आणायचे, झुरळं डब्यात पाळायची, गांडुळं धुऊन ट्रेमध्ये मांडायची आणि कपाटांतल्या काचेच्या बरण्यांमधलं, मेलेले प्राणी टिकवणारं फॉर्मॅलिन बदलायचं, हे त्यांचं काम. अळणावरजवळच्या खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी ते धारवाडला आले होते. सातवी शिकलेले. पण भार्गवी मॅडम वर्गात बोलायच्या ते दाराशी उभं राहून ऐकत त्यांनी शे-दीडशे प्राण्यांची नावं पाठ केली होती. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या शेवटची वीस वर्षं त्यांच्याच अक्षरात होत्या.

लग्न होऊन मी घरात आले तेव्हा पहिले सहा महिने त्यांच्या हातचं पाणीसुद्धा मी घेतलं नाही. त्यांच्या बोटांना तो औषधाचा वास कायम असायचा. मी तोंडाने काही बोलले नाही, पण त्यांना कळलं होतं. एकदा तांब्या माझ्या हातात न देता त्यांनी ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "घे. खालनं धरून आणलाय, काठाला बोट लावलं नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना स्वतःला मात्र कशाचीच किळस नव्हती. हुबळीत उणकलला आम्ही नवीन घर घेतलं तेव्हा पाण्याच्या टाकीत घूस मरून फुगली होती. प्लंबर शिव्या देत निघून गेला. अप्पांनी, घरात त्यांना आम्ही अप्पाच म्हणतो, धोतर खोचलं, आत उतरून ती हाताने उचलली आणि मग टाकी तीनदा घासली. त्यानंतर शांतपणे जेवायला बसले.

माझा नवरा योगेश रायापूरच्या एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये आहे. गेल्या वर्षी विक्री चांगली झाली म्हणून मालकांनी सगळ्यांना घरच्यांसकट कारवारला न्यायचं ठरवलं. दिवसभर बोट, तीन बेटं, मधे पाण्यात तोंडाला नळी लावून मासे बघायचे. सासूबाई म्हणाल्या, "त्या पाण्यात मरायला मी येऊ? तुमी जावा." पण अप्पा तयार झाले, एवढंच नव्हे तर हरखले. कॉलेजच्या सहलींबरोबर ते कारवारला पाच-सहा वेळा गेले होते, पण ओहोटीच्या खडकांवर, बादली घेऊन. पाण्याच्या आतलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "पोवळं जितं असताना कसं दिसतं ते बघायचं हाय," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

संक्रांतीनंतरचा आठवडा होता. आदल्या संध्याकाळी कारवारला जाऊन राहिलो आणि सकाळी आठला धक्क्यावर गेलो. आम्ही बावीसजण. बोट बघूनच माझं मन विटलं. लाइफ जॅकेटं कालच्या माणसांच्या घामाने ओलीच होती. माझं जॅकेट गळ्याशी काळं, चिकट झालेलं होतं. डेकवर डिझेल आणि कुजलेल्या माशाचा वास. डोळ्यांना लावायचे चष्मे आणि तोंडात धरायच्या नळ्या एका प्लास्टिकच्या टबात पडल्या होत्या, टबातलं पाणी करडं. एका नळीचं टोक मी उचललं तर रबरावर कुणाच्या तरी दातांचे ठसे होते आणि खाचेत काहीतरी पांढरं अडकलेलं होतं. मी ती तशीच परत टाकली. पाण्यात उतरायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं.

बोट सुटली आणि गाणी सुरू झाली. दोन मोठे स्पीकर. शिरा आणि उप्पीट कागदी प्लेटांतून वाटलं, आणि खाऊन झाल्यावर सगळ्या प्लेटा सरळ समुद्रात. बोटीवरचा गाइडच पहिली प्लेट टाकताना दिसला, मग बाकीच्यांना कोण अडवणार? आमच्यामागे पांढऱ्या प्लेटांची रांग तरंगत राहिली. शोरूमचे मॅनेजर शेषगिरी सर, त्यांच्या मिसेसना बोट लागली. त्यांनी कठड्यावरून ओकारी काढली, ती वाऱ्याने मागे बसलेल्यांच्या अंगावर आली. कुणी हसलं, कुणी शिव्या दिल्या. अप्पांनी बाटलीतलं पाणी ओतून डेक धुतला आणि बाईंना लिंबू दिलं. तोवर अप्पांचा चेहरा प्रसन्न होता.

पहिल्या बेटावर अर्धा तास थांबलो. लांबून वाळू पांढरी दिसत होती. जवळ गेल्यावर बाटल्या, चपला, लहान मुलांचे वापरलेले डायपर. फोटोसाठी दहा पावलांचा एक स्वच्छ तुकडा राखून ठेवला होता, सगळ्या बोटींची माणसं तिथेच ओळीने उभी राहत होती. लघवीला खडकामागे पुरुष, झुडपामागे बायका. मी गेले तशीच परत आले, पाय टाकायला जागा नव्हती. अप्पा म्हणाले, "राहू दे. पुढच्या ठिकाणी पाणी बघू."

दुसऱ्या बेटाशी नांगर टाकला. इथे आमच्याआधीच चार बोटी उभ्या होत्या. गाइडने उरलेलं उप्पीट पिशवीतून पाण्यात सोडलं. "मासे येतात बघा, नोड्री!" मासे खरंच आले, पट्ट्यापट्ट्यांचे, आणि माणसांनी धडाधड उड्या टाकल्या. अप्पा लहानपणी ओढ्यात पोहलेले. त्यांनी टबातली एक नळी घेतली, आपल्या पिण्याच्या पाण्याने धुतली, पंच्याने पुसली, आणि चौसष्टाव्या वर्षी शिडीवरून एक एक पायरी उतरले. दोरीला धरून त्यांनी तोंड पाण्यात घातलं. पाऊण तास ते तसेच होते. मी वरून बघत होते. त्यांची पाठ आणि पांढरे केस तेवढे दिसत होते. मधेच डोकं वर काढून त्यांनी मला हाक मारली.

"सविता! हलतंय गं सगळं!"

"काय हलतंय?"

"सगळंच. बरणीत कधी हललं नाही." पुन्हा तोंड पाण्यात.

आता पुढचं. ते पाण्यात असताना गाइडने दोनदा बुडी मारली. एकदा समुद्रकाकडी नावाचा हातभर लांब, काळपट, मऊ प्राणी आणला, दुसऱ्यांदा नारिंगी तारामासा. दोन्ही बोटीवर आले आणि फोटोंची झुंबड उडाली. समुद्रकाकडी या हातातून त्या हातात फिरली. प्रत्येकजण दाबून बघत होता. पाचव्या की सहाव्या हातात तिने एकदम आतलं सगळं बाहेर टाकलं, पांढरे चिकट धागे आणि लिबलिबीत आतडं. ज्याच्या हातात होती त्याने "छी!" म्हणून ती फेकली, ती डेकवर आपटली, कुणाची तरी चप्पल तिच्यावर पडली. सगळे हसत होते. तारामासा घेऊन मीही फोटो काढला. हे मी लपवणार नाही. तो ओला, खडबडीत होता आणि त्याच्या खालच्या बारीक नळ्या माझ्या तळहाताला चिकटत होत्या. गुदगुल्या झाल्या म्हणून मी हसले. त्या फोटोत मी फार छान दिसते.

मग योगेशचा मित्र प्रवीण, शोरूममध्ये त्याच्या शेजारीच बसतो, त्याने तारामासा छातीवर बिल्ल्यासारखा धरून पोलिसाची नक्कल केली. झाल्यावर तो बर्फाच्या पेटीच्या झाकणावर ठेवला. झाकण उन्हाने तापलेलं होतं. "सुकवून शोकेसमध्ये ठेवतो," प्रवीण म्हणाला. लोक परत पाण्यात गेले. तारामासा तिथेच राहिला. मी जवळच बसले होते. मला काही वाटलं नाही, किंवा वाटलं तरी मी उठले नाही.

अप्पा वर आले ते आनंदात, अंग निथळत. त्यांचा पाय कशावर तरी घसरला म्हणून त्यांनी खाली पाहिलं. ती समुद्रकाकडी होती. मग त्यांना पेटीवरचा तारामासा दिसला. अर्धा तास तरी झाला असेल.

"हे कुणी काढलं?" त्यांनी विचारलं.

"माझं आहे काका," प्रवीण म्हणाला. "घरी नेणार."

"काय करूलालायस रे? ते जितं हाय. पाण्यात सोड."

"बिडरी काका, सोडा, एक मासा! समुद्रात काय कमी आहेत?"

अप्पांनी हात पुढे केला, तसा प्रवीणने पेटीवर हात ठेवला. गाणं चालूच होतं. शेषगिरी सर बघत होते. योगेश पाण्यातून वर आला, त्याने हा प्रकार बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. मॅनेजरसमोर बापाने तमाशा केला, असं त्याला वाटलं असणार.

"अप्पा, गप बसा ना," तो म्हणाला. "तुम्ही काय सांगताय? आयुष्यभर तुम्हीच हे बाटल्यांत भरत होता."

कुणीतरी हसलं. अप्पांनी योगेशकडे पाहिलं. नंतर प्रवीणचा हात मनगटाला धरून बाजूला केला, जोर न लावता, बेडकाचा पाय बाजूला करावा तसा. तारामासा उचलला, उलटा केला आणि मधल्या खाचेवरून करंगळी फिरवली. त्या बारीक नळ्या हलल्या नाहीत. पुन्हा फिरवली. मेलेलं आणि जिवंत यांतला फरक त्या बोटीवर त्यांच्याइतका कुणाला कळत होता?

"मेलाय," ते म्हणाले, आणि त्यांनी तो प्रवीणच्या हातात दिला. "घे. नुसता उन्हात ठेवलास तर दोन दिवसांत घाण सुटेल. आधी सुईनं आत फॉर्मॅलिन भर. पाची हातांत वेगवेगळं."

प्रवीणला तो नकोसा झाला. त्याने तो पुन्हा पेटीवर ठेवला आणि पॅन्टला हात पुसले.

तिसऱ्या बेटावर जेवण होतं. माशांचं तळण, भात, सोलकढी. सगळे उतरले. अप्पा उतरले नाहीत. मी त्यांचं ताट घेऊन बोटीवर परत आले. त्यांनी ताटाकडे पाहून मान वळवली.

"मला किळस येऊलाली," ते म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. "टबातल्या नळ्यांची न्हवं. घाणीची मला कवाच नाही आली. ह्या माणसांच्या हसण्याची येतीया."

मी म्हणाले, "योगेश बोलला ते मनावर घेऊ नका."

"खरंच बोलला तो. मी लई मारलेत. एकदा सहलीत ह्याच कारवारात बादलीभर तारामासे काढले. मॅडमना चार पाहिजे होते. मी चाळीस काढले, शाबासकी मिळेल म्हणून. उरलेले गटारात ओतले. तवा मी बी हसतच होतो. आज आत बघितलं नसतं तर बरं झालं असतं."

मग मी त्यांना माझ्या फोटोचं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, न सांगता राहवेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. थोड्या वेळाने त्यांनी ताटातला नुसता भात खाल्ला.

परतीच्या वाटेवर बोट धुणाऱ्या माणसाने प्लेटा, हाडं आणि तो तारामासा एकाच झाडूने समुद्रात लोटला. गाडीत हुबळीपर्यंत बापलेक दोन टोकांना बसले. दुसऱ्या दिवशी शोरूमच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला. त्यात अप्पा ओल्या बनियनवर उभे राहून "पाची हातांत वेगवेगळं" म्हणताहेत आणि खाली हसण्याची चित्रं. योगेशने मला तो दाखवला नाही. मला तो मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंनी दाखवला, त्यांचा भाऊ त्याच शोरूममध्ये आहे. अप्पांच्या कानावर गेलंच. त्यांनी पिशवी भरली आणि सासूबाईंना घेऊन ते अळणावरच्या गाडीत बसले. भांडण नाही, आदळआपट नाही. "गावाकडं घर शाकारायचं हाय," एवढंच म्हणाले.

महिनाभर योगेश चिडचिड करत होता. एका रविवारी काही न सांगता गावी गेला. अप्पा गोठा झाडत होते म्हणे. योगेशने दुसरा झाडू घेतला. काय बोलणं झालं ते मला दोघांनीही सांगितलेलं नाही. योगेश एवढंच म्हणाला की अप्पांनी त्याला घट्ट चहा करून दिला आणि शिमगा झाल्यावर येतो म्हणाले.

ते आले. घर पुन्हा चालू झालं. मी तो फोटो फोनमधून काढून टाकला.

पाडव्याला योगेशने प्रवीणला जेवायला बोलावलं. मला न विचारता. माणूस तसा वाईट नाही, माझ्या ऑपरेशनच्या वेळी रात्रंदिवस दवाखान्यात धावला होता. तो आला, अप्पांच्या पाया पडायला वाकला. अप्पांनी पाय मागे घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. पानं मांडली, श्रीखंड वाढलं, प्रवीण त्यांच्या शेजारच्या पाटावर बसला. तसे अप्पा उठले, आपलं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्या ओट्याशी उभ्यानेच जेवायला लागले.

योगेश मागोमाग आला. हळू आवाजात म्हणाला, "अप्पा, वाईट दिसतं. तो माफी मागायला आलाय."

"मागू दे की. त्याच्यावर माझा राग नाही," अप्पा म्हणाले. "पण शेजारी बसून घास जात नाही. त्याला मी काय करू?"

योगेश माझ्याकडे बघत राहिला. मी अप्पांच्या ताटात आणखी एक पुरी वाढली.