सासूबाईंच्या नावावरची जाहिरात

नियम मीच लिहिले होते, त्यामुळे ते मोडले की राग यायचा हक्कही माझाच, असं मला वाटायचं. आमचं नांदुऱ्यात डवऱ्याचं वर्कशॉप आहे. सायकलचं एक चाक, मागे लोखंडी पास म्हणजे तण कापणारं आडवं पातं, वर दोन मुठी. कपाशीच्या ओळींतलं तण हातानं ढकलत काढायचं साधं अवजार. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, ते बनवत आले. नवरा वेल्डिंग बघतो. मी लग्न होऊन मेहकरहून आले आणि चार बुकं शिकलेली म्हणून ऑनलाइन विक्री माझ्या गळ्यात पडली.

डवऱ्याला नाव सासूबाईंचं. मुठीची उंची त्यांच्या हाताला बसली की मामाजी माल पुढे धाडायचे. निंदणाला बाया वाकतात, तर बाईच्याच हातानं बघायला हवं, हे त्यांचं म्हणणं. पुढे पत्र्यात अक्षरं कापून त्यांनी साचा केला आणि प्रत्येक डवऱ्यावर लाल रंगानं बायकोचं नाव उमटवायला लागले. उमटवायचे, घ्यायचे मात्र कधीच नाहीत. घरात हाक काय, तर "ऐकलं काय" नाहीतर "पोरीची माय". मी नवऱ्याला नावानं हाक मारते तेव्हा ते अजूनही दुसरीकडे बघतात. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. त्या दवाखान्यात असतानाही मामाजी नर्सला "आमच्या घरचे कसे आहेत" असंच विचारत होते.

तर नियम. शेतीचे व्हिडिओ करणारे बरेच जण आमच्या डवऱ्याची लिंक देतात. त्या लिंकवरून कोणी डवरा घेतला की त्यांना कमिशन जातं. मी त्यांना लिंकवाले म्हणते. त्यांना एकच गोष्ट ठणकावून सांगितली होती: सर्चमध्ये आमच्या डवऱ्याच्या नावावर जाहिरात लावायची नाही. "कपाशीसाठी डवरा" यावर लावा, "तण काढायचं यंत्र" यावर लावा, खुशाल लावा. पण जो माणूस आमचं नाव टाकून शोधतो तो आमच्याकडेच निघालेला असतो. त्याला वाटेत गाठून आमच्याच दारात आणून सोडायचं आणि वर कमिशन मागायचं, हे चालणार नाही.

मामाजींना हे समजवायला वेळ लागला नाही. "जो दारात उभा आहे, त्याले हात धरून आत आनाचे पैसे कायचे?" म्हणाले. मग नियम कोणाकोणाला पाठवायचे ते मी वाचून दाखवलं, तेव्हा एका नावावर त्यांनी हात आडवा केला. "जवायाले काऊन पाठवतं? घरचा मानूस आहे."

हे जावई म्हणजे माझ्या नणंदेचे नवरे. वरवट बकालला शेती, आणि शेतीवरचा त्यांचा चॅनल चांगला चालतो. सगळ्यात जास्त ऑर्डरी त्यांच्याच लिंकवरून यायच्या. जावयाला नियम पाठवणं म्हणजे त्याच्या पुढचं ताट ओढण्यासारखं, असं आमच्या घरात मानतात. मी नाव काढून टाकलं.

पुढे मेहकरकडच्या एका लिंकवाल्यानं आमच्या नावावर जाहिरात लावली. मी त्याची लिंक सरळ बंद केली. माझ्या माहेरचा माणूस, पण नियम तो नियम. उन्हाळ्यात त्याचा मला मेसेज आला, सोबत स्क्रीनशॉट. सासूबाईंचं नाव टाकलं की आमच्या दुकानाच्याही वर जाहिरात दिसत होती, आणि ती जावईबापूंची होती. खाली त्यानं एवढंच लिहिलं होतं: "ताई, नियम फक्त परक्यालाच का?"

फार लाज वाटली, आणि लाजेहून जास्त राग आला. तशीच मामाजींकडे गेले. म्हटलं, एक तर भाऊजींना जाहिरात काढायला सांगा, नाहीतर मेहकरवाल्याला परत घ्या. दोन न्याय माझ्याच्यानं होणार नाहीत. उद्या कोणाला नियम सांगायला तोंड राहणार नाही.

मामाजींनी हातातला चाकाचा आरा खाली ठेवला. "माय गेली तिची," म्हणाले, पोरीबद्दल. "जवाई रुसला तं थे माहेरी कोनाच्या तोंडाकडे पाहून येईन? अन् धोंड्याचा महिना आहे. या महिन्यात जवायाले कोनी नियम सांगते काय?"

अधिक महिना होता खरा. जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, कपडे द्यायचे. सासूबाई नसल्यानं ते सगळं मलाच करायचं होतं. पुरण वाटताना मी मनात भाऊजींशी कितीदा भांडले असेन. नणंद माझ्या शेजारी बसून धोंडे वळत होती आणि आईच्या हातचे कसे व्हायचे ते सांगत होती. तिला या भानगडीची काहीच कल्पना नव्हती. तिच्याकडे बघून वाटलं, मामाजी म्हणतात ते खोटं नाही. हिचं माहेर आता आम्हा दोघांच्या जिभेवर आहे.

जेवणं झाली, औक्षण झालं. भाऊजीच सुपारी कातरत म्हणाले, "मामाजी, यंदा सर्वात जास्त डवरे आपल्याच लिंकवरून जाऊन राह्यले."

"पाहू बरं," मामाजी म्हणाले, "लोक कसे शोधतेत ते." त्यांनी मोबाइल माझ्याकडे दिला. "मले टाइप करता येत नाही. ते बोलाचं लावून दे."

मी माइकचं चिन्ह दाबून मोबाइल त्यांच्या समोर धरला. ते थांबले. काही ऐकू न आल्यानं माइक आपोआप बंद झाला, मी परत दाबलं. तोवर माझ्याही लक्षात आलं नव्हतं की मी त्यांच्याकडून काय मागते आहे. नणंदेच्या लक्षात आलं. ती सुपारीची तबकडी हातात घेऊन होती तिथेच उभी राहिली.

मामाजींनी नाव घेतलं. नुसतं नाव, हळू आवाजात, कोणाला तरी आतल्या खोलीतून बोलवावं तसं. इतक्या वर्षांत मी ते त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. नणंदेनंही पहिल्यांदाच ऐकलं असणार, कारण तिचे डोळे भरले.

पडद्यावर सगळ्यात वर जावईबापूंची जाहिरात आली. सासूबाईंचं नाव, आणि पुढे "इथे दाबा". मामाजींनी चष्मा वर करून ती वाचली. रागावले नाहीत. मोबाइल भाऊजींच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले,

"बापू, म्या तिले हाक मारली, अन् मधात तुम्ही आले."

भाऊजींचा चेहरा उतरला. "दुसरा कोनी लावीन, त्यापेक्षा घरच्यानं लावलेलं बरं, म्हनून..." असं काहीतरी ते बोलायला लागले. नणंद फक्त "अहो" म्हणाली. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, स्वतःचा मोबाइल काढला आणि तिथंच बसून जाहिरात बंद केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, ते नियम मलेही पाठवून द्या." मी पाठवले. नणंद निघताना माझ्या गळ्यात पडून रडली आणि दिवाळीला येते म्हणाली. मेहकरवाल्याला मी त्याच संध्याकाळी उत्तर लिहिलं: नियम आता घरच्यालाही आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपमध्ये गेले तर मामाजी मोबाइल घेऊन बसलेले. "ते बोलाचं लावून दे," म्हणाले. मी लावून दिलं. त्यांनी नाव घेतलं, आमचंच दुकान वर आलं.

"जाहिरात बंद झाली, मामाजी," मी म्हटलं. "आता परत बघायची गरज नाही."

"हाव, दिसलं मले," ते म्हणाले.

आणि मग माइकचं चिन्ह त्यांनी स्वतःच शोधून दाबलं, आणि परत एकदा तिचं नाव घेतलं. मी चहा ठेवायला आत गेले.