मामांच्या दुकानातली पाहुणी मंडळी

घाटकोपरला फ्रेमच्या दुकानात मी काचा पुसते. मालकांना सगळे मामा म्हणतात. जगात गाजलेल्या चित्रांच्या छापील प्रती आल्या की मामा पाहुण्यांसारखी माझी त्यांच्याशी ओळख करून देतात. "ही मोनालिसा. आणि ही आमची मालवणची." सातवीत शाळा सुटलेली मी चित्रांपुढेही अवघडायचे. दुपारच्या उन्हात काचांमागे ते चेहरे तरंगत राहायचे.

एकदा एका गिऱ्हाईक बाईंनी कानात मोती घालून वळून बघणाऱ्या मुलीच्या चित्राचा अर्थ विचारला.

"हिला विचारा," मामा म्हणाले. "रोज भेटतात दोघी."

चुकले तर मामांची मान खाली जाईल.

"हिला आईने हाक मारलीय," मी म्हटलं. "एसटीत चढताना मीपण अशीच वळले होते."

मामा चष्मा काढून चित्रातल्या मुलीकडे बघत राहिले. मग तिलाच हळू म्हणाले, "इतकी वर्षं इथे आहेस, मला कधी बोलली नाहीस गं."