बंद दारातून उतरलेला चौथा

गेल्या हिवाळ्यात, आमच्या चालत्या गाडीतून, आमच्या घरचा वरवंटा उतरून गेला. दार बंद होतं.

असं एकदम सांगितलं की लोक माझ्याकडे जरा निरखून बघायला लागतात, म्हणून पहिल्यापासून सांगते. मी बी.एस्सी.ला आहे, भौतिकशास्त्र. आमच्या सगळ्या नातेवाइकांत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. त्यामुळे घरात मिक्सर फिरेनासा झाला, नळाला पाणी येईनासं झालं किंवा शेजाऱ्यांच्या कुत्र्यानं खाणं सोडलं, तरी सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. (कुत्र्याच्या बाबतीत मी घाबरत घाबरत "उद्यापर्यंत बघू या" म्हणाले होते. तो संध्याकाळीच जेवला. तेव्हापासून माझा दरारा फारच वाढला.)

तर, ताईला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या करोंदहून आमच्या नेहरू नगरच्या घरी आणायचं होतं. (शहर हिंदी मुलखातलं, घरात आम्ही मराठी.) आणायला जाणार आई, बाबा आणि मी. आणि इथंच पहिली अडचण आली. आमच्याकडे शुभ कामाला तिघं मिळून निघत नाहीत. निघावंच लागलं, तर चौथा म्हणून एक सुपारी किंवा खडा बरोबर घ्यायचा आणि त्याला माणसांत धरायचं. माझ्या ॲडमिशनला निघालो तेव्हा आईनं सुपारी घेतली होती. बाबांनी ती वाटेत खाल्ली! आम्ही कॉलेजच्या दारात पुन्हा तिघंच पोचलो आणि फॉर्मची खिडकी बंद निघाली. म्हणून या खेपेला आईनं बाबांना खाता येणार नाही असा चौथा निवडला. वरवंटा.

"अगं, साधा खडा घे ना," बाबा म्हणाले.

"खडा तुम्ही वाटेत फेकून द्याल. आणि हा काय परका आहे? बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात हाच झोपणार."

हे खरं होतं. बारशाला बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला टोपरं घालून निजवतात. त्याला म्हणायचं गोप्या. आई सांगते की पोरावर काही यायचं असेल ते आधी गोप्यावर जावं, म्हणून. ताईच्या आधी पाळण्यात हाच झोपला होता, माझ्याही आधी हाच. आईनं त्याला कुंकू लावलं, थंडी आहे म्हणून स्वतःची जुनी तपकिरी शाल गुंडाळली आणि मागच्या सीटवर डाव्या दाराशी बसवलं. वरून पट्टाही लावला. पण पट्टा पडला माणसाच्या मापाचा. गोप्या त्याच्याखाली एखाद्या बुटक्या, मुक्या म्हाताऱ्यासारखा बसून राहिला. त्याच्या शेजारची जागा माझी.

आता गाडीबद्दल. बाबा सरकारी कार्यालयात शिपाई आहेत. ही गाडी त्यांच्या साहेबांची. साहेब निवृत्त झाले आणि गाडी बाबांना देऊन गेले. मागचं डावं दार म्हणजे साहेबांचं दार. बाबांनी ते वर्षानुवर्षं बाहेरून उघडलं होतं, साहेब उतरले की अदबीनं लावलं होतं. आणि आता त्याच जागेवर ताई बसणार होती. करोंदला ताईच्या सासरच्या सगळ्यांसमोर बाबा तिच्यासाठी ते दार उघडणार होते. ते हे बोलले नव्हते, पण आदल्या दिवशी त्यांनी फक्त तेवढंच एक दार पुसलं होतं.

बाकी गाडी ठीक होती. फक्त दारं बंद असली, तरी समोर एक छोटा लाल दिवा लागायचा, कुठलंतरी दार उघडं आहे असं सांगणारा. आणि कधी कधी चारही दारांची कुलपं आपोआप पडायची, खट्ट, आणि आपोआप वर यायची, खट्ट.

"कोणीतरी आत-बाहेर करून राहिलं," आई म्हणायची.

"सेन्सर असेल," मी म्हणायचे. (सेन्सर हा शब्द मी फार जपून वापरते, पण वापरते.)

"झालं! सेन्सर आहे," बाबा म्हणायचे. "साहेबांची गाडी आहे. तिला काय होतंय?" आणि तो दिवा डोळ्यांवर येतो म्हणून त्यांनी त्यावर आईची एक टिकली चिकटवून टाकली. दिवा दिसेनासा झाला. म्हणजे दुरुस्तच झाला!

निघालो तेव्हा सकाळ आहे असं घड्याळ म्हणत होतं. बाहेर काहीच नव्हतं. तलावाच्या कडेच्या रस्त्याला लागलो आणि डावीकडे तलाव असतो तिथं नुसतं पांढरं होतं. रस्त्यावरचे दिवे अजून जळत होते, पण त्यांचे खांब दिसत नव्हते. पिवळे ठिपके हवेत टांगल्यासारखे एकेक करून यायचे आणि आमच्याकडे बघत मागे जायचे.

ठक.

"बाबा, काही वाजलं?"

"रस्ता वाजतो."

ठक... ठक.

रस्ता माझ्या शेजारी कसा वाजेल? मी मान न वळवता डोळे वळवले. गोप्या दाराकडे कलला होता. पुढच्या वळणावर आणखी कलला आणि कपाळानं दारावर ठोकलं. जोरात नाही. स्टॉप आल्यावर एखादा भिडस्त माणूस कंडक्टरला सांगतो तेवढंच.

"आई," मी म्हणाले, "हा दार ठोकतोय."

"उतरायचं असेल," आई म्हणाली. ती अजिबात हसत नव्हती!

खट्ट! चारही कुलपं पडली. खट्ट! वर आली.

"बाबा, साहेबांच्या वेळीही असंच व्हायचं?"

"साहेब आत असायचे, मी बाहेर. आतलं मला काय माहीत, बेटा?"

मी डोळे मिटले. वळणावर वस्तू बाहेरच्या बाजूला सरकते, त्याला जडत्व म्हणतात, हे मी मनातल्या मनात म्हणत होते. ओठांवर मात्र मारुतीचं नाव होतं. (दोन्ही एकदम जमतं, हे मला त्या दिवशी कळलं.) तेवढ्यात गाडी उजवीकडे जोरात वळली. माझ्या मानेवर गार, ओला श्वास आला. तलावाचा वास आला. लगेच गाडी डावीकडे वळली आणि धाडकन काहीतरी आपटलं. मग एकदम शांत. ठकठक थांबली.

बरं झालं, थांबली, असं मला वाटतं न वाटतं तोच ती पुन्हा सुरू झाली. पण आता बाहेरून!

फट. फट. फट.

डाव्या काचेवर बाहेरून कोणीतरी हात आपटत होतं. मी एक डोळा उघडला. धुक्यात काहीतरी तपकिरी लांबट काचेवर यायचं, चापट मारायचं आणि पुन्हा धुक्यात जायचं. दार बंद होतं. पट्टा लावलेलाच होता. सीट रिकामी होती.

मला किंचाळायचं होतं. प्रत्यक्षात मी अत्यंत सभ्य आवाजात म्हणाले, "बाबा, चौथा उतरला."

"कुठं?" बाबांनी विचारलं.

मग मात्र त्यांनी गचकन ब्रेक मारला. खाली उतरून बघितलं तर आईच्या शालीचं एक टोक दारात चिमटलेलं आणि बाकीची शाल बाहेर फडफडत होती. म्हणजे दार एका वळणावर उघडलं होतं, गोप्याला सोडून दिलं होतं आणि दुसऱ्या वळणावर स्वतःचं स्वतः लागलं होतं. एखाद्या शिकवून तयार केलेल्या शिपायासारखं. (हे मी बाबांना म्हणाले नाही.)

"पण बंद दार उघडेल कसं?" बाबा म्हणाले आणि सवयीनं माझ्याकडे बघायला लागले.

"म्हणजे, सैद्धांतिकदृष्ट्या..."

"सिद्धांत राहू दे," आई म्हणाली. ती त्या रिकाम्या सीटकडे बघत होती. "तिथं माझी पोर बसणार होती."

बाबांनी दारातली शाल सोडवली आणि घडी घालून सीटवर ठेवली.

आम्ही तलावाच्या कठड्याच्या कडेनं, आल्या वाटेनं मागे चालत निघालो. पाण्याची चुळुक चुळुक ऐकू येत होती, पाणी दिसत नव्हतं. गोप्या तलावात गेला असेल, हे आम्हा तिघांच्याही मनात होतं. (आम्ही आता तिघंच होतो, हेही होतं.) आणि मग धुक्यातून उदबत्तीचा वास आला.

तलावाच्या काठी, भर रस्त्यात, उदबत्ती! मी आईचा पदर धरला. आणखी चार पावलांवर माणसं दिसली. माकडटोपी घातलेले एक काका, सायकलवर चहा विकणारा एक माणूस आणि सकाळच्या फिरण्यात दुसऱ्यांच्या कुंपणांवरची फुलं तोडून आणणाऱ्या एक बाई. मधे, कठड्याला टेकून, ताठ उभा, गोप्या. त्याच्यापुढे पाच-सहा जास्वंदी. माकडटोपीवाले काका हात जोडून उभे.

"को खां, संभल के!" चहावाला मला इथली नेहमीची हाक घालून म्हणाला. "अभी-अभी प्रकट हुए हैं."

"ये हमारे हैं," आई म्हणाली.

"सबके हैं, बहनजी," फुलंवाल्या बाई गंभीरपणे म्हणाल्या.

"अहो, नाही... मतलब, हमारे घर के हैं. चटणी इसी पे बनती है!"

माकडटोपी काकांनी कानाला हात लावले. "चटनी? भगवान पे?"

इथं सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शिकलेली! मी पुढं झाले आणि शुद्ध हिंदीत सांगायला लागले की हे आमचे चौथे होते, दार न उघडता उतरले, यांना आम्ही शाल दिली होती, ती गाडीतच राहिली. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं, की मी चमत्काराला साक्षीपुरावा देते आहे. फुलंवाल्या बाईंनी डोक्यावर पदर घेतला. आणखी दोन फिरणारे थांबले. कोणीतरी म्हणालं, इथं ओटा बांधायला हवा.

शेवटी आईनंच मिटवलं. तिनं सांगितलं की माझी मुलगी पोटुशी आहे, तिच्या बाळाच्या आधी पाळण्यात हे झोपणार आहेत. बाई एकदम विरघळल्या. "तो ले जाओ, ले जाओ," असं म्हणून त्यांनी फुलंसुद्धा ओटीत घालून दिली.

निघताना मी चहावाल्याला हळूच विचारलं, "भैया, इनको खड़ा किसने किया?"

"किसी ने नहीं," तो म्हणाला. "ऐसे ही खड़े मिले. पानी की तरफ मुंह करके."

भौतिकशास्त्रात याचं उत्तर असेल. मला अजून सापडलेलं नाही. उरलेली वाट आईनं गोप्याला मांडीवर घेतलं आणि मी मागे, उजव्या दाराला चिकटून बसले. (मग आठवलं, तेही याच गाडीचं दार! म्हणून मधे सरकले.)

करोंदला ताई ओट्यावर तयार होऊन बसली होती. शेजारी तिच्या सासूबाई. त्या मराठीच, पण जन्म इथलाच. समोर अंगणात धान्याची पोती, कडेला चाळलेल्या कोंड्याचा मोठा ढीग. आईनं जाहीर केलं, "ताई या गाडीत बसणार नाही. पोराच्या वाटचं गोप्यानं घेतलं. त्यानं सांगून ठेवलंय."

"दगडाचं ऐकते का तू?" बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा अगदी लहान झाला होता. "साहेब इतकी वर्षं बसले त्याच सीटवर."

त्यांचा तो चेहरा मला बघवेना. आणि मनापासून सांगते, मला वाटलं की आता बोलायची वेळ माझी आहे. मी ओट्यासमोर उभी राहिले. दाराचा खटका कधी कधी अर्धाच बसतो, मी समजावलं, मघाशी तसंच झालं. आता मी तो पूर्ण बसवणार आहे. विज्ञानात नुसतं बोलून चालत नाही, प्रयोग करावा लागतो. सासूबाईंनी कौतुकानं मान हलवली. ताई म्हणाली, "पूर्वा, असू दे ना." मी साहेबांच्या जागेवर बसले, दार दाणकन ओढून घेतलं, काचेतून सगळ्यांकडे बघून हसले आणि खांद्यानं दारावर पूर्ण भार टाकला.

खट्ट.

गाडी उभी होती. वळण नव्हतं, धुकं नव्हतं. तरी मी बाहेर होते. कोंड्याच्या ढिगात, डोकं खाली, चप्पल एक गाडीत आणि एक वर हवेत. माझ्यामागे दार हळूच, आपोआप, लागलं.

सगळ्यांत आधी ताई हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाबा हसले नाहीत. ते गाडीत वाकले, त्या लाल दिव्यावरची टिकली त्यांनी नखानं काढली. खाली दिवा लागलेलाच होता. मग स्वतःच म्हणाले, "ऑटो बोलवा. एक दार असं, तर बाकीच्यांचा काय भरवसा."

ऑटो आला. ताई उठली तसे बाबा लगबगीनं पुढे झाले, जरा वाकले आणि त्यांचा हात हवेत कडी शोधायला लागला. ऑटोला दारच नव्हतं! मग त्यांनी तोच हात ताईच्या हाताखाली दिला आणि तिला वर बसवलं. इतक्या अदबीनं त्यांनी साहेबांनाही कधी बसवलं नसेल.

मी कोंडा झटकत उभी होते. सासूबाई जवळ आल्या, माझ्या केसांतली गव्हाची सालं त्यांनी मायेनं काढली आणि बाबांना अगदी कळवळून म्हणाल्या, "भाऊसाहेब, पोरीला अजून शिकवा हो. इतक्यावर थांबवू नका."

बाबांनी ते इतकं मनावर घेतलं आहे, की आता मला एम.एस्सी. करावंच लागणार.