दोन हात जास्त

आमच्याकडं विहिरीत बुडी मारायला शिकवताना एक गोष्ट हमखास सांगतात. कानात सुरी शिरल्यागत झालं की घाबरायचं नाही, तळ जवळ आला असं समजायचं आणि दोन हात जास्त मारायचे. तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायचं आणि ती मूठ काठावरच्यांना उघडून दाखवायची. गाळ नाही तर बुडी नाही. अर्ध्यातून परत आलेल्याची बुडी कुणी धरतच नाही.

मंचरच्या अलीकडं आमची वस्ती, आणि विहीर पाच-सहा घरांत मिळून. पोरींनी काठावर बसून कपडे सांभाळायचे, असा तिथला कायदा. मी तो चौदाव्या वर्षी भांडून मोडला, आणि ही गोष्ट मी पुढं बऱ्याच सभांमधून सांगितली. त्याआधीची गोष्ट मात्र मी कुठल्याच सभेत सांगितली नाही. मी नऊ वर्षांची होते, दादा बारा. तो रिकाम्या हातानं वर आला तेव्हा काठावरून मीच ओरडले होते, "भित्रट! गाळ कुठंय?" तो परत खाली गेला. गाळ घेऊनच आला, आणि डाव्या कानातून रक्त. तो कान पावसाळाभर वाहत राहिला आणि मग कायमचा बंद झाला.

दादा आता मंचरच्या मार्केट यार्डात एका आडत्याकडं लिलावाला उभा राहतो. बटाट्याच्या ढिगाभोवती दहा-बारा व्यापारी एकदम बोलतात. त्यातलं कोण काय म्हणालं ते त्याला उजव्या कानानं टिपावं लागतं. डावी बाजू पोत्यांच्या थप्पीकडं करून तो उभा राहतो. नव्या हमालांना वाटतं, ऐट आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं सुट्टी काढून कोकणात स्कूबा शिकायला गेलो. कल्पना माझी. समुद्र आणि समुद्राचा तळ ही फक्त शहरातल्यांची मिरास नाही, असलं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. तिथं पहिल्याच सकाळी एक फॉर्म दिला. कानाचा पडदा फाटलाय का, ऐकू कमी येतं का, असे प्रश्न. हो म्हटलं तर डॉक्टरची चिठ्ठी आणा. दादानं सगळीकडं 'नाही'वर खुणा केल्या. मी शेजारीच बसले होते. त्यानं पेन थांबवून माझ्याकडं पाहिलं, आणि मी नजर फॉर्मवरून उचलून समुद्राकडं नेली.

'न वाचता सही करू नका' हे पत्रक जुन्नरच्या स्टँडवर मी स्वतः वाटलंय. त्यातला प्रत्येक शब्द माझा आहे. खोटं लिहून सही करू नका, हे लिहायचं तेवढं राहिलं होतं.

शिकवणारी बाई तिशीतली होती, कमी बोलणारी. कान कसे मोकळे करायचे ते तिनं पहिल्या दिवशी दाखवलं. नाक चिमटीत धरायचं, हळूच फुंकायचं, दुखायच्या आधी. "दुखलं की तिथंच थांबायचं, थोडं वर यायचं, परत बघायचं. वर यायचं तेव्हा श्वास धरून ठेवायचा नाही. आणि जोर कुठंच करायचा नाही." आम्ही माना डोलावल्या. तीन दिवस पाच-सहा मीटरवर गेले, आणि खरं सांगते, ते दिवस सुंदर होते. सहा मीटरवर ऊन खालपर्यंत येतं. दादा गुडघ्यांवर बसून एका खेकड्याशी अर्धा तास भांडत होता. त्याचा उजवा कान मोकळा व्हायला वेळ लागायचा, पण तो सावकाश, फूटफूट उतरायचा. आमच्या हातात कार्ड पडलं. अठरा मीटरपर्यंतची परवानगी.

चौथ्या दिवशी बोटीवर बाईनं विचारलं, "आज तुमची खोली तुम्ही ठरवायची. खाली आठ मीटरवर वाळू आहे, तिथून उतार अठरापर्यंत जातो. जिथं श्वास सावकाश चालतो ती तुमची खोली. आणि जोडीत ज्याचा आकडा कमी, तो दोघांचा."

"आठ," दादा म्हणाला.

हे मला अन्यायाचं वाटलं. होय, अन्यायाचं. कार्ड दोघांचं सारखं, मग माझा हक्क त्याच्या आकड्याला का बांधायचा?

"आठ मीटर म्हंजे आपली विहीर राव," मी म्हणाले. "विहिरीतच उतरायचं होतं तर एवढं डिझेल कशाला जाळलं?"

"विहिरीत खेकडं व्हतं का पण?"

"तू खेकडं बघ. मी यार्डात सांगते, दादा गुडघाभर पाण्यातनं परत आला म्हणून."

तो हसला. पायातले रबरी पंख ओढत म्हणाला, "लिवा मग अठरा. आमच्या पुढारीणबाई ठराव मांडून बसल्यात, आमी काय बोलणार!"

बाई हसली नाही. "दादा, तुमचं मनापासून आहे?"

"हां हां. लई दिसांनी मनापासून."

तिनं थोडा वेळ त्याच्याकडं पाहिलं. "बारा," ती म्हणाली. "बारावर थांबू, मग बघू." मी बाराही कमीच धरला.

आठची वाळू आली तेव्हा सगळं ठीक होतं. पण ती वाळू थांबत नव्हती. विहिरीला एक तळ असतो, तिथं गोष्ट संपते. इथं तळाच्या पुढं आणखी खाली तळ होता, निळा, आणि त्याच्यापुढं आणखी निळा. मी पुढं झाले. मनगटावरचा आकडा नऊ झाला, दहा झाला. माझा स्वतःचा कान भरून आला होता आणि मी नाक चिमटीत धरायचं सोडून खाली बघत होते. इतक्यात दादा आठवला म्हणून मागं वळले.

दादा माझ्यापेक्षा थोडा वर थांबला होता. नाक दाबून फुंकत होता, परत फुंकत होता. मी हातानं खूण केली, ये. मुखवट्याच्या काचेमागं त्याचे डोळे बारीक झालेले दिसले. हे डोळे मी ओळखत होते. काठावरून पाहिलेले होते.

मग त्यानं हात वापरले. टाकी पाठीवर असलेला माणूस हात वापरत नाही, पायांनी चालतो, ते आम्हाला तीन दिवस बजावून सांगितलं होतं. दादानं दोन्ही हात पुढं काढले आणि पाणी कापलं. एकदा. परत एकदा. दोन हात जास्त.

पाण्याखाली ओरडता येत नाही. माझ्या तोंडात नळी होती आणि मी ओरडले, नुसते बुडबुडे. मी त्याच्याकडं झेपावले, पण बाई माझ्या आधी पोचली होती. तिनं त्याचा दंड धरला, तळवा आडवा करून दाखवला: थांब. मग थोडं वर, थांब, परत वर. त्याच्या मुखवट्यात नाकाखाली लाल रेघ उतरली होती. सहावर ती आम्हाला कितीतरी वेळ घेऊन थांबली. वरून तेच ऊन येत होतं. मी फक्त त्याच्या छातीकडं बघत होते, श्वास धरत नाही ना, एवढंच.

बोटीवर त्यानं मुखवटा काढला. मी विचारलं, "दुखतंय का?"

तो समुद्राकडं बघत राहिला.

"दादा!"

"काय?" डोळ्याच्या कोपऱ्यातून माझे ओठ हलताना दिसले म्हणून तो वळला. "काय म्हणतीस? जरा जोरात बोल की."

मी जोरातच बोलत होते.

बाईनं फॉर्मची फाइल काढली. ती काही विचारायच्या आधीच मी सांगितलं, "त्याचा डावा कान लहानपणीच गेलाय. मला माहीत होतं." ते ऐकून ती म्हणाली, "आणि तुम्ही त्याला अठरा म्हणायला लावलंत." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळं मला जास्त लागलं. दादा आमच्या दोघींच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होता, तिऱ्हाइतासारखा.

घाट चढताना गाडीत तो दर वळणावर जबडा हलवून बघायचा. मी विचारायचे, सुटला का? तो रस्त्याकडं बघत बसायचा. मंचरच्या कानाच्या डॉक्टरांनी आत बघून सांगितलं, उजव्याचा पडदा फाटलेला नाही, मागं रक्त आणि पाणी साठलंय. बहुतेक येईल परत. काही आठवडे थांबा. मी 'बहुतेक'वर भांडले. ते म्हणाले, "ताई, भांडून कान बरा होत नाही."

त्या आठवड्यांत मी एक पत्रक लिहायला घेतलं. विषय: पर्यटनाच्या नावाखाली सुरक्षिततेशी खेळ. फॉर्म कुणी तपासत नाही, डॉक्टर बघत नाही, नवख्यांना खोल नेतात. दोन परिच्छेद झाले. दादाला वाचायला दिले, कारण वाचणं तेवढं त्याला जमत होतं. त्यानं वाचलं आणि माझ्याच पेनानं खाली लिहिलं, 'खोल नेणारी: सख्खी बहीण.' मी तो कागद फाडला. 'बारावर थांबू' म्हणणाऱ्या बाईला मी गुन्हेगार करून टाकलं होतं, आणि भाषा इतकी सफाईदार झाली होती की मला स्वतःला ते खरं वाटायला लागलं होतं.

यार्डात आडत्यानं दुसरा माणूस उभा केला. दादा काट्यावर पोती मोजायला बसायचा. पुढारीण हा शब्द त्यानं त्या दिवसांत एकदाही वापरला नाही.

डॉक्टरांनी कान तपासताना पाठीमागं उभं राहून हळूच आकडे म्हटले होते. मी तेच घरी चालवलं. दादा संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर बसायचा, मी मागून जायचे आणि बेताच्या आवाजात एक आकडा म्हणायचे. पाच. बारा. तीन. तो पाण्याकडं बघत राहायचा. मी पाय न वाजवता परत फिरायचे. हे मी रोज केलं, आणि रोज परत फिरताना मला माझाच नऊ वर्षांचा आवाज ऐकू यायचा. माझे कान धडधाकट होते.

एका संध्याकाळी पंप नुकताच बंद झाला होता. मी मागं जाऊन उभी राहिले आणि नेहमीपेक्षा हळू म्हणाले, "आठ."

"आठच म्हनलो व्हतो मी," दादा पाण्याकडं बघतच म्हणाला. "आन् तू रोज माझ्या मागं येऊन काय पुटपुटतीस? पाच दिसांपासनं ऐकतोय. तीन तर तू दोनदा म्हनलीस."

"मग बोलला का नाहीस?"

"म्हनलं बघू, पुढारीण किती दिस टिकती."

मी त्याच्या पाठीत बुक्की घातली आणि शेजारी बसले, त्याच्या उजव्या बाजूला.