पट्टीबाईंच्या गाडीचा संशय

गल्लीत त्यांना पट्टीबाई म्हणत. दवाखान्याने घरी सोडलेली, पण अंथरुणातून न उठलेली जी माणसं असतात, त्यांच्या जखमा धुवायच्या, नवी पट्टी बांधायची आणि पुढच्या दाराशी जायचं, हे त्यांचं काम. सोबतीला औषधांची पत्र्याची पेटी आणि एक लहानशी मोटारसायकल.

मोटारसायकल मूळची यजमानांची. ते मोठ्या गाड्यांवर ड्रायव्हर होते. गुडघा कामातून गेला आणि ते घरी बसले. तेव्हापासून खिडकीपाशी खुर्ची टाकून रोज सकाळी आपलीच गाडी दुसऱ्याच्या हाती जाताना बघायचे. दुसऱ्याच्या म्हणजे बायकोच्याच. पण बघणाऱ्याच्या डोळ्यांना तेवढं कुठे कळतं!

त्या गाडीने एकाएकी रंग दाखवायला सुरुवात केली. सकाळी चालू केली की दमेकऱ्यासारखी धापा टाकायची आणि पहिल्याच चौकात, थांबायची वेळ आली की, मान टाकायची. मागचे हॉर्न वाजवून जीव खायचे. दुपारी इंजिन तापलं की बरोबर उलटं. गिअर काढून नुसती उभी केली तरी कुणी कान पिळल्यासारखी किंचाळत राहायची. बाई मग वाकून कार्बोरेटरच्या बाजूचा तो छोटा स्क्रू, बोटांनी फिरतो तो, जरा मागे घ्यायच्या. आवाज खाली यायचा. दुसऱ्या सकाळी पुन्हा तीच रडकथा.

मिस्त्रीकडे दोनदा झालं. त्याला सगळे कानवाले म्हणत, कारण तो स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचा, मूठ कानाला, आणि डोळे मिटून रोग सांगायचा. त्याने प्लग बदलला, कार्बोरेटर उघडून धुतला, हवेची जाळी झटकली. गाडी त्याच्या दारात मांजरासारखी गुरगुरत उभी राहिली. तिसऱ्यांदा बाई गेल्या तेव्हा त्याने हातच पुसले.

"सिस्टर, राग मानू नका. मी लावलेला स्क्रू आणि आत्ताचा स्क्रू, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुम्ही थोडा फिरवता म्हणता, तो मागे घेता. हा तर पुढे गेलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे दोष गाडीत नाही. घरात कुणीतरी हात लावतंय."

झालं! ठिणगी पडायला एवढं पुरे होतं.

कारण त्याच आठवड्यात दवाखान्याच्या मोठ्या बाईंनी पट्टीबाईंना बोलावून आतली जागा देऊ केली होती. कापसाचे बोळे, औषधांची कपाटं, खुर्ची, डोक्यावर पंखा. शनिवारपर्यंत हो-नाही सांगायचं. बाहेरची फेरी मात्र बंद. त्या कामावर दुसऱ्या कुणाला नेमणार नव्हते. बाईंच्या डोळ्यांपुढे लगेच म्हातारे शिंपीआजोबा उभे राहिले. त्यांच्या पाठीची जखम आत्ता कुठे भरत येऊन लाल, जिवंत दिसू लागली होती, आणि त्यांची सून पट्टी बघितली की तोंडाला पदर लावून बाहेर पळायची.

यजमानांना ही बातमी सांगितली तेव्हा ते खुर्चीत ताठ बसले होते. "घे की. ऊन नाही, पाऊस नाही. त्या खटाऱ्याचा जाच नाही."

स्वतःच्या लाडक्या गाडीला हा माणूस खटारा म्हणाला! बाईंच्या मनात तो शब्द पायात काटा मोडावा तसा मोडून राहिला.

धाकटी जाऊ पलीकडच्या खोल्यांत राहायची. तिला काही सांगायचा अवकाश, ती आगीत तेल ओतणार हे बाईंना ठाऊक होतं, तरी कपडे वाळत घालताना तोंडून निघालंच.

"ताई, तुम्ही अगदीच भोळ्या," जाऊ चिमटा तोंडात धरूनच बोलली. "पुरुषाला घरी बसवलं की त्याचे हात काय देवपूजा करतात? भावोजी सकाळी अंगणात असतात. तुम्ही आंघोळीला गेलात की."

"अंगणात? जिना उतरून? त्या गुडघ्याने?"

"कठडा धरून, एकेक पायरी. मी म्हटलं व्यायाम करत असतील." आणि मग आवाज खाली आणून, "व्यायाम कसला, ते आता कळलं."

बाई देवाला मानणाऱ्या. संध्याकाळी दिवा लावून हात जोडले की रोज सगळ्यांसाठी मागायच्या, त्यात यजमानांचं नाव पहिलं. त्या संध्याकाळी हात जोडले, पण नाव ओठांवर येईना. संशयाचं असंच असतं; आधी तो माणसाला खातो आणि मग त्याची प्रार्थना खातो. देवाने कान दिले ते ऐकायला, भरून घ्यायला नव्हे, हे त्यांना कळत होतं. कळूनही त्यांनी पेटी उघडली.

जखमेला लावायचं जांभळं औषध असतं ना, बोटाला लागलं तर चार धुण्यांत जात नाही, ते त्यांनी व्हॅसलीनमध्ये कालवलं. अंगणात जाऊन स्क्रूच्या डोक्याला चोपडून आल्या. वर आल्या तेव्हा यजमान म्हणाले, "एवढा वेळ खाली काय करत होतीस?"

"गाडी पुसत होते."

"आज बरी पुसावीशी वाटली!"

दोघांनीही एकमेकांकडे एक क्षण जास्तच बघितलं.

सकाळी बाई आंघोळ करून आल्या. यजमान चहा पीत होते. कपाच्या कानातून बाहेर आलेला अंगठा जांभळाजर्द!

किती झालं तरी पट्टीबाईंच्या मनाच्या तळाशी एक आशा होती, की अंगठा स्वच्छ निघेल आणि आपण मनातल्या मनात क्षमा मागून मोकळ्या होऊ. ती गेली.

"काय हो, अंगठ्याला काय झालं?"

यजमानांनी अंगठा बघितला, मग बायकोकडे. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस, सापळा ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"औषध लावलंस तू स्क्रूला?"

"लावलं. का फिरवता तुम्ही तो? मी चौकात गाड्यांखाली जावं म्हणून? की कंटाळून आत बसावं म्हणून? सरळ सांगायचं होतं ना!"

"चौकात बंद पडू नये म्हणून फिरवतो!" ते एवढ्याने ओरडले की पलीकडे जावेच्या हातातली पळी थांबली. "रोज वरून ऐकतो. ती चौकात मरते, मागचे बोंबलतात, आणि मी इथे खुर्चीत. म्हणून जिना उतरून थोडी रेस वाढवून ठेवतो. आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर स्क्रू पुन्हा मागे! मला वाटलं, तो कानवाला तुला मुद्दाम खेळवतोय, फेऱ्या मारायला लावतोय. म्हटलं बघू या किती दिवस चालतं ते."

"मागे मी घेते," बाई हळूच म्हणाल्या. "दुपारी किंचाळते ना."

"दुपारी किंचाळते?" यजमानांचा राग जागीच अडकला. "हे मला कधी सांगितलंस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

कप तसाच ठेवून ते उठले. "गार असताना मरते, तापल्यावर चढते. अगं, हा स्क्रूचा रोगच नाही. चोरून हवा खातेय ती कुठूनतरी. एका वाटीत साबणाचं पाणी घे आणि जुना ब्रश घे. खाली चल."

जिना उतरताना त्यांनी बायकोचा खांदा धरला नाही, कठडाच धरला. बाईंनीही हात पुढे केला नाही. राग काही साबणाच्या पाण्याने धुऊन निघत नाही.

यजमान पालथ्या बादलीवर बसले. गाडी धापा टाकत चालू झाली. "कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मध्ये रबर आहे बघ जाड. त्याला खालून पाणी लाव. वरून नको, खालून."

बाईंनी ब्रश फिरवला. वरच्या बाजूला काहीच झालं नाही. खाली, चिखलाने लिंपलेल्या भागावर पाणी लागलं मात्र, इंजिनाचा आवाज एकदम दाटला, बसला, आणि पाणी आत ओढलं गेल्यावर पुन्हा फाटला. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा तसंच. बोटाने चाचपलं तर रबराला नखभर लांब चीर.

"जखमच आहे की ही," त्या म्हणाल्या.

"मग इतके दिवस तू स्क्रू मागे ओढत होतीस आणि मी पुढे. जखम भरणार कशी?"

कानवाला स्वतः नवं रबर घेऊन आला. "स्क्रूचाच आवाज ऐकत बसलो, सिस्टर," म्हणाला, आणि यजमानांकडे न बघता कामाला लागला. त्यानेच या घरात काडी टाकली होती, हे त्याला कळलं असावं. संध्याकाळपर्यंत गाडी गार काय, गरम काय, एकाच लयीत बोलू लागली.

शनिवारी निघताना बाई उंबऱ्यात थांबल्या. "मोठ्या बाईंना मी नकार कळवणार आहे. फेरी सोडायची नाही मला."

यजमानांनी खुर्ची खिडकीकडून दाराकडे वळवली.

"मला तू आत बसलेलीच हवी आहेस," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? मनापासून हवी आहेस. पण ते मी तोंडाने सांगेन. तुझी गाडी बिघडवून नाही सांगणार. एवढं तरी मानशील?"

बाईंनी मान हलवली. पूर्ण विश्वास बसला होता असं नाही. संशय घरात शिरतो तो वाऱ्यासारखा, आणि निघतो तो तेलाच्या डागासारखा. पण आज तो दार अडवून उभा नव्हता. त्या दवाखान्यात गेल्या, नाही म्हणाल्या, आणि तिथून थेट शिंपीआजोबांकडे. आजोबांनी पालथं पडल्या पडल्या विचारलं, "आज लवकर कशा?"

"रस्त्यात कुठे थांबावं लागलं नाही," पट्टीबाई म्हणाल्या आणि जुनी पट्टी सोडू लागल्या.